काळ्या रंगाची किमया

मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात काय दिसेल? काप तसाच ठेवला, तर जवळजवळ काहीच दिसत नाही. कारण मेंदूतील पेशी व त्यांचे तंतू पारदर्शक असतात. बरे, सर्वच पेशींना रंग दिला, तर त्यांचे असंख्य तंतू एकमेकांत असे गुंतलेले दिसतात, की कोणता तंतू कोणत्या पेशीचा, हे कळत नाही. घनदाट अरण्यात एकेक झाड वेगळे ओळखू येऊ नये, तसाच हा प्रकार होय. एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांपुढे ही मोठीच अडचण होती.

इटलीतील आब्यातेग्रासो या गावी असाध्य रोग्यांसाठी एक रुग्णालय होते. कामील्लो गोल्जी हा तरुण डॉक्टर तेथे काम करीत असे. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्याने एका स्वयंपाकघरातच संशोधन आरंभिले. मेंदूचे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात ठेवून कठीण करावयाचे व नंतर ते सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाचे, अशी रीत त्याने शोधून काढली आणि १८७३ साली प्रसिद्ध केली. या दोन द्रव्यांच्या संयोगाने सिल्व्हर क्रोमेट तयार होऊन ते पेशींत साठते. नवल असे, की पुष्कळ पेशींपैकी थोड्याच पेशी हा रंग घेतात. त्या मात्र आपल्या बारीकसारीक फांद्यांसह पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर उठून दिसतात. जणू अरण्यातील एकच वृक्ष मुळापासून शेंड्यापर्यंत डोळ्यांपुढे उभा राहतो!

स्पेनमधील सांतियागो रामोन ई काहाल याने असे काप १८८७ साली पाहिले. बालपणी त्याला चित्रकार व्हावयाचे होते. ती इच्छा पुरी झाली नाही. पण चित्रकाराची दृष्टी त्याच्या कामी आली. त्याने रंग देण्याची क्रिया दोनदा करून पाहिली. पक्ष्यांचे गर्भ व लहान पिले त्याने अभ्यासासाठी निवडली, कारण त्यांच्या मेंदूत तंतूंची गुंतागुंत कमी असते. जे दिसले ते त्याने कागदावर रेखाटले. मेंदूतील तंतूंचे मिळून एक अखंड जाळे बनते, असे गोल्जीचे मत होते. काहालला मात्र तंतूंची टोके मोकळी आढळली. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, असे तो १८८८ पासून सांगू लागला.

१९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळच्या भाषणातही गोल्जीने काहालचे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींमधील सूक्ष्म फट प्रत्यक्ष दाखविली आणि काहालचे म्हणणे खरे ठरले. तथापि गोल्जीची रीत नसती, तर काहालला ती मोकळी टोके दिसलीच नसती. गोल्जीचे मत मागे पडले. त्याने पाडलेली वाट मात्र आजही उपयोगात आहे.