सोन्याचा कस आणि सदिशांचा अदिश गुणाकार

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये सिद्ध केलेल्या 'लीलावती' या ग्रंथात सुवर्णगणिताचे एक उदाहरण आहे. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ माषे आहे. हे सारे एकत्र आटविले असता होणाऱ्या सोन्याचा वर्ण कोणता, असा प्रश्न तेथे विचारला आहे. वर्ण म्हणजे आजच्या बोलीतील कस. शुद्ध सोने १६ वर्णांचे मानीत.

रीत सोपी आहे. प्रत्येक तुकड्याचे वजन त्याच्या कसाने गुणावयाचे, गुणाकारांची बेरीज करावयाची आणि तिला एकूण वजनाने भागावयाचे. १३ × १० = १३०, १२ × ४ = ४८, ११ × २ = २२ आणि १० × ४ = ४०. बेरीज २४० होते. एकूण वजन २० माषे. म्हणून मिश्रणाचा कस १२. उदाहरण येथेच संपत नाही. हे सोने शुद्ध करताना १६ माषे उरले, तर त्याचा कस किती, हेही आचार्य विचारतात. २४० ला १६ ने भागले की १५ हे उत्तर मिळते. भट्टीत हीण जळून जाते, परंतु २४० ही संख्या बदलत नाही, कारण ती शुद्ध सोन्याचेच माप आहे.

आजच्या गणिताच्या भाषेत ही २४० संख्या म्हणजे दोन सदिशांचा अदिश गुणाकार होय. क्रमाने मांडलेल्या संख्यांच्या यादीला सदिश म्हणतात. कसांची यादी हा एक सदिश, वजनांची यादी हा दुसरा. एकाच स्थानावरील संख्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज घेतली की दोन याद्यांतून एकच संख्या निघते. तिला दिशा नसते, म्हणून ती अदिश. किराणा दुकानाचे बिल असो किंवा सहकारी दूध संस्थेतील पंधरवड्याचा हिशेब असो, परिमाणांची यादी आणि दरांची यादी यांचा अदिश गुणाकारच तेथे होत असतो. त्याला हे नाव मात्र कोणी देत नाही.

नाव पुष्कळ उशिरा आले. सर विल्यम हॅमिल्टन यांनी १८४३ साली शोधलेल्या चतुष्टयांच्या गुणाकारात हा भाग दडलेला होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक जोसाया विलर्ड गिब्ज यांनी तो वेगळा काढला आणि १८८१ व १८८४ साली विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या टिपणांत स्वतंत्रपणे मांडला. त्यांचे शिष्य एडविन विल्सन यांच्या १९०१ सालच्या ग्रंथामुळे तो सर्वत्र पोहोचला. दोन सदिशांच्या मध्ये टिंब देऊन तो लिहितात, म्हणून इंग्रजीत त्याला डॉट प्रॉडक्ट हे नाव पडले. भूमितीत त्याचा अर्थ अधिक खोल आहे. दोन सदिश परस्परांना लंब असतील, तर गुणाकार शून्य येतो. (३, ४) आणि (४, −३) यांचा गुणाकार १२ − १२ म्हणजे शून्य आहे. आलेखावर काढून पाहिल्यास त्यांच्यामध्ये काटकोन दिसेल.

संगणकाला ही रीत सांगणे अवघड नाही. आज्ञावलीचा गाभा असा असतो :

बेरीज = ०
स्थान १ पासून ४ पर्यंत :
बेरीज = बेरीज + कस(स्थान) × वजन(स्थान)
बेरीज छाप

पहिली ओळ क्षुल्लक वाटते, पण ती विसरता कामा नये. तीच आज्ञावली दुसऱ्यांदा चालविताना बेरीज पुन्हा शून्य केली नाही, तर २४० च्या जागी ४८० येतात आणि मिश्रणाचा कस २४ निघतो. शुद्ध सोन्याहून अधिक कसाचे सोने नसते, म्हणून ही चूक ताबडतोब डोळ्यांत भरते. अशी चूक त्या मानाने बरी म्हणावयाची. स्थानांची मोजणी हा दुसरा खाचखळगा. फोर्ट्रान भाषेत पहिले स्थान सामान्यतः १ असते, तर सी आणि पायथन या भाषांत ते ० असते. एका भाषेची सवय दुसरीत नेली की पहिला तुकडा वगळला जातो. शिवाय सी भाषेत यादीच्या पलीकडील भलतीच संख्या वाचली गेली, तरी भाषा स्वतः हटकत नाही.

खरी काळजी घ्यावयाची ती दिसण्यात बरोबर वाटणाऱ्या उत्तरांची. समजा, कसांच्या यादीत शेवटचा १० हा आकडा भरावयाचा राहिला. वजने चार, कस तीन. पायथन भाषेत दोन याद्यांच्या जोड्या लावण्यासाठी झिप नावाची सोय आहे. ती आखूड यादी संपली की निमूटपणे थांबते. बेरीज २०० येते, २० ने भागून कस १० निघतो. ज्याचे सोने, त्याचे दोन वर्णांचे नुकसान झाले आणि पडद्यावर इशाऱ्याचे एक अक्षरही उमटले नाही. १० हा कस अगदी संभाव्य असल्याने कोणाला शंकाही येत नाही. २०२१ साली आलेल्या पायथनच्या ३.१० या आवृत्तीत झिपला 'काटेकोर राहा' असे सांगण्याची सोय झाली. तसे सांगितले असता लांबी न जुळणाऱ्या याद्यांवर ती चूक दाखवून थांबते. मात्र ते दर वेळी सांगावे लागते. म्हणून गुणाकाराला आरंभ करण्यापूर्वीच दोन्ही याद्यांची लांबी तपासणारी एक ओळ घालणे हे उत्तम.

लांबी जुळली म्हणजे सारे जुळले, असे मात्र नाही. कसांची यादी उलट क्रमाने, म्हणजे १०, ११, १२, १३ अशी आली, तर गुणाकार १००, ४४, २४ आणि ५२ होतात. बेरीज २२०, कस ११. येथे लांबीची तपासणी काहीच करू शकत नाही. आकडे बरोबर, संख्या बरोबर, जोड्या चुकीच्या. एक यादी नावांच्या क्रमाने आणि दुसरी खातेक्रमांकाच्या क्रमाने लावलेली असेल, तर कोणत्याही कार्यालयात हेच घडेल आणि देयक एकाचे दुसऱ्याला जाईल. यावर इलाज एकच : दोन्ही आकडे तुकड्याच्या नावासह ठेवावेत आणि जोडी स्थानावरून न लावता नावावरून लावावी.

आता संख्या साठविण्याच्या जागेविषयी. आठ बिटांच्या सचिन्ह पूर्णांकात −१२८ पासून १२७ पर्यंतच संख्या मावतात. मर्यादा ओलांडली की मोटारीच्या मीटरप्रमाणे संख्या वळसा घेते. भास्कराचार्यांचे दोन्ही सदिश अशा आठ बिटी साठ्यात ठेवून नमपाय या प्रचलित संचाकडून गुणाकार करविला, तर उत्तर २४० नव्हे, २४० − २५६ म्हणजे −१६ येते. सर्व आकडे लहान होते, साठा त्यांना पुरेसा होता. बेरजेला मात्र तो पुरला नाही. बेरजेची जागा सदिशांतील संख्यांच्या जागेहून मोठी ठेवावी, हा नियम यातून निघतो.

अपूर्णांकांची अडचण निराळी आहे. संगणकाचे फ्लोटिंग पॉइंट अंकन ठरावीक सार्थ अंक ठेवते. ६४ बिटांच्या प्रचलित पद्धतीत ते सुमारे १६ असतात. पहिल्या सदिशात १ वर सोळा शून्ये ही संख्या, नंतर १, नंतर तीच मोठी संख्या ऋण चिन्हासह घ्या. दुसऱ्या सदिशात तिन्ही ठिकाणी १ घ्या. खरे उत्तर १ आहे. परंतु डावीकडून बेरीज करीत गेल्यास मोठ्या संख्येत मिळविलेला १ पुसला जातो, पुढील वजाबाकीने शून्य उरते आणि उत्तर ० येते. क्रम बदलून दोन मोठ्या संख्या आधी एकत्र आणल्या, तर तेच यंत्र १ हे बरोबर उत्तर देते. बेरजेचा क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही, हा शाळेतील नियम येथे चालत नाही. आधुनिक यंत्रे चार किंवा आठ गुणाकार एकाच वेळी करून त्यांच्या पोटबेरजा अखेरीस एकत्र करतात. त्यामुळे दोन यंत्रांच्या उत्तरांत शेवटच्या अंकांचा फरक पडला, तर त्यात नवल नाही.

गळालेला अंश परत मिळविण्याची एक युक्ती विल्यम काहान यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. प्रत्येक बेरजेत जो सूक्ष्म भाग निसटतो, तो वेगळ्या घरात टिपून ठेवावयाचा आणि पुढील पदात मिळवावयाचा. चिल्लर वेगळी लिहून ठेवणाऱ्या जुन्या मुनिमासारखेच हे आहे.

सूक्ष्म अंशाने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने १९९१ सालच्या आखाती युद्धातील घटना आठवावी. पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजी आणि ती संख्या ०.१ ने गुणी. ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत कधी संपत नाही. २४ बिटांत तो तोडल्यामुळे दर दशांशामागे सुमारे ०.०००००००९५ सेकंद कमी पडत. शंभर तासांत ३६ लाख दशांश होतात. दोहोंचा गुणाकार सुमारे ०.३४ सेकंद. तेवढ्या अवधीत येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. २५ फेब्रुवारी रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे ते अडविता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.

या सर्व कारणांमुळे नेहमीच्या कामासाठी तयार संच वापरणे श्रेयस्कर. १९७९ साली लॉसन, हॅन्सन, किनकेड आणि क्रोग यांनी फोर्ट्रानसाठी प्रसिद्ध केलेल्या ब्लास या संचात अदिश गुणाकार हे एक मूलभूत कार्य म्हणून दिले होते. तो आजही वापरात आहे. शंभर ओळी व शंभर स्तंभांच्या दोन सारण्यांचा गुणाकार म्हणजे दहा हजार अदिश गुणाकार, एकूण दहा लक्ष साधे गुणाकार. म्हणून या एका कार्याचा वेग साऱ्या गणनेचा वेग ठरवितो. पायथनमध्ये २०२३ सालच्या ३.१२ या आवृत्तीपासून समप्रॉड हे कार्य उपलब्ध आहे. ते लांबी न जुळल्यास थांबते आणि अपूर्णांकांसाठी मधली बेरीज वाढीव अचूकतेने ठेवते.

स्वतः आज्ञावली लिहिली असेल, तर ती चार आकडेसंचांवर चालवून पाहावी. भास्कराचार्यांच्या सोन्याचे उत्तर २४० यावे. कसांचा एक आकडा काढून टाकल्यावर आज्ञावलीने उत्तर न देता थांबावे. (३, ४) आणि (४, −३) यांना शून्य यावे. सोळा शून्यांच्या उदाहरणास १ यावा. तेथे ० आला, तर पोटबेरजेची रीत बदलावी.