रिसेप्शनचा उजेड माणसांसाठी

पैठणीच्या काठावर घरात आठवडाभर चर्चा चालते, जेवणातल्या एका भाजीवरून दोन्हीकडे फोनाफोनी होते. लाइटचं मात्र ‘ते डेकोरेशनच्या पॅकेजमध्येच आलं’ एवढ्यावर भागतं. माझ्या भाचीचं रिसेप्शन पुण्याजवळच्या एका लॉनवर होतं, तिथेही असंच झालं. डेकोरेटरने भर दुपारी लॅपटॉपवर जांभळ्या-निळ्या उजेडात न्हालेलं स्टेज दाखवलं आणि सगळ्यांना ते आवडलं. त्या चित्रात माणूस एकही नव्हता.

संध्याकाळी भाची केशरी पैठणी नेसून स्टेजवर आली आणि ती साडी काळपट दिसू लागली. केशरी रेशीम निळा उजेड परत फेकत नाही, शोषून घेतं. जरीचे काठ राखाडी पडतात, ओठ जांभळे होतात. रांगेतून भेटायला आलेल्या दोन-तीन बायकांनी तिच्या आईला बाजूला घेऊन विचारलं, ‘बरं नाही का हिला?’ बहिणीचा चेहरा त्या वेळी पाहवत नव्हता. पुढे अल्बमच्या वेळी फोटोग्राफरने सांगितलं, की एकाच रंगाच्या एलईडीत काढलेल्या फोटोत बाकीचे रंग उमटतच नाहीत. नुसतं पिवळेपण असेल तर एडिटिंगमध्ये काढता येतं, निळ्यात बुडालेली त्वचा परत आणता येत नाही. भर म्हणून स्टेजच्या पायऱ्या अंधारात होत्या. मुलाच्या आजींची शेवटची पायरी चुकली, करवलीने हात धरला म्हणून निभावलं.

त्यानंतर नात्यात कुणाचंही कार्य ठरलं की मी लाइटचा विषय आधी काढते. जोडप्यावर पडणारा उजेड पांढराच हवा, तोही वॉर्म व्हाइट, म्हणजे 3000 केल्विनच्या आसपासचा. 6500 केल्विनच्या ट्यूबसारख्या उजेडात जरीचं सोनं फिकं पडतं आणि हळदीने उजळलेली त्वचाही निस्तेज वाटते. सीआरआय हा आकडाही विचारा. उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते माप आहे. चेहऱ्यासाठी तो 90 च्या वर असावा. रंगीत झोत टाकणारे पार लाइट हवेच असतील तर ते मागच्या पडद्यावर, झाडांवर, कमानीवर टाका. सोफ्यापर्यंत त्यांचा उजेड पोहोचता कामा नये.

उजेड कुठून येतो, हे मला रंगाइतकंच महत्त्वाचं वाटतं. डोक्यावरून सरळ खाली पडला तर डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते, जमिनीवरून वर मारला तर हनुवटी उजळते आणि चेहरा ओळखू येत नाही. समोरून डावी-उजवीकडे दोन फोकस, साधारण 45 अंशांत वरून, हे सगळ्यांत सुरक्षित. त्यातला एक किंचित मंद ठेवायला सांगा. पैठणीच्या ताण्याबाण्याचे रंग वेगळे असतात, म्हणून ती हलताना रंग बदलते. ती धूपछाव दिसायला उजेडाला एक दिशा लागते. चहूबाजूंनी सारखा उजेड ओतला की साडी सपाट होते.

मोबाइलच्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना तुम्ही पाहिले असतील. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. स्वस्त एलईडी त्या तालावर सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. लाइट लावून, मंद करून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या, लगेच दिसेल. झपझप उघडझाप करणारा स्ट्रोब तर ठामपणे नाकारा. सेकंदाला 3 ते 30 वेळा होणारी उघडझाप प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्याला झटका आणू शकते, आणि आठशे पाहुण्यांत असं कोण आहे हे यजमानाला माहीत नसतं. लेझरने कॅमेऱ्याचा सेन्सर जळू शकतो, डोळ्यांनाही तो धोक्याचा.

जेवणाच्या टेबलांवर साधा वॉर्म व्हाइट पुरतो. हिरव्या उजेडात मसालेभाताला रंग राहत नाही. पायऱ्या, पार्किंगची वाट आणि स्वच्छतागृह यांना मात्र वेगळे, न लुकलुकणारे दिवे मागा. मोतीबिंदू झालेल्या माणसाला डोळ्यांवर येणारा झोत आणि त्यामागचा अंधार दोन्ही जड जातं.

लॉनवर दुपारी पाणी मारलेलं असतं आणि त्याच गवतातून केबल जातात. म्हणून अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवलाय का, हे विचारायला लाजू नका. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत पायऱ्यांवर बॅटरीचे दिवे हवेत. हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल ताई’ यावर विसंबू नका.

आणि ॲडव्हान्स देण्याआधी एकदा अंधार पडल्यावर लॉनवर जा. त्याच लाइटवाल्याचं दुसरं काम चालू असेल तिथे गेलात तरी चालेल. साडी बरोबर न्या, घरातल्या कुणाला तरी स्टेजच्या उजेडात उभं करा, साध्या मोबाइलने फोटो काढा आणि तो पाहूनच होकार द्या.