वाटीवर घालायचं नाव

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. लेक नऊ दिवसांची झाली आणि तू अजून नावावरून रडतेयस. "वेल्श ठेवलं तर आई मनातून खट्टू होईल, आपलं ठेवलं तर ह्याच्या आईची जीभ अडखळेल," म्हणालीस, ते कानातून जाईना. पहाटे उठून सरळ पुष्य मंडपाच्या घाटावर आले. मेट्टूर धरणाचं पाणी पोचलंय, कावेरी भरून वाहतेय. पायरीवर बसूनच तुला लिहितेय.

आधी घाईचं बोलू. बारसं बाराव्या दिवशी खुशाल करा. पाळण्यात कानात सांगायला देवाचं किंवा नक्षत्राचं नाव पुरतं. कागदावरच्या नावाला तुमच्याकडे 42 दिवस आहेत, आणि वेल्समध्ये नोंद वेल्श-इंग्रजी दोन्ही भाषांत करून मिळते. तेव्हा ओल्या बाळंतिणीने रात्री दोन वाजता नावांच्या याद्या वाचत बसू नये. झोप.

आईचं मी बघते. तिला मी एवढंच विचारणार आहे, की आपल्या तंजावरकरांची नावं तरी कुठे कोरी राहिली? एकोजीराजांनी 1676 च्या सुमारास इथे राज्य बसवलं, तेव्हापासून आपण या मातीतले. राजघराण्यातल्या बायकांची नावं बघ: दीपांबा, यमुनांबा, मुक्तांबा. देशावर जिथे बाई लागते तिथे इथे अंबा लागली, आणि तमिळ तोंडात तिची अंबाळ झाली. ओरत्तनाडूला सरफोजी महाराजांनी मुक्तांबेच्या नावाने बांधलेलं छत्र आहे ना, त्याला सगळा गाव मुक्तांबाळ छत्रम म्हणतो. म्हणून मुक्ता काही पुसली गेली नाही.

आणि आपलं हे घाटावरचं गाव तरी काय आहे? त्यागराज स्वामींची भाषा तेलुगू, शेजारपाजार तमिळ, गादी मराठी. स्वामींच्या आराधनेला पंचरत्न कृती सुरू झाल्या की मांडी घालून बसलेल्या व्हायोलिनवाल्यांच्या रांगा आठव. ते वाद्य एके काळी परकंच होतं. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे भाऊ बालुस्वामी यांनी ते हातात घेतलं, आपल्या सुरांना लावलं, आणि आज त्याच्याशिवाय गाण्याची कचेरी उभी राहत नाही. मला वाटतं, नावही असंच लावून घ्यावं लागतं. ते तिकडच्या घरात आणि इकडच्या ओसरीवर, दोन्हीकडे सुरात वाजलं पाहिजे.

म्हणून माझं पहिलं सांगणं: नाव इंग्रजी डोळ्यांनी वाचू नकोस. वेल्श आपल्यासारखीच, बोलते तसं लिहिणारी. फक्त अक्षरांचे सूर वेगळे. त्यांचा एकटा एफ म्हणजे आपला व, दोन एफ म्हणजे फ, डब्ल्यू तर कित्येकदा चक्क उ. सासूबाईंकडून एकेक नाव तीनदा म्हणवून घे आणि देवनागरीत लिहून काढ. मग ते आजीला फोनवर म्हणायला लाव. ऱ्हिॲननमधला सुरुवातीचा ऱ्ह आपल्याला जमेल. पण त्या दोन एलांचा, जिभेच्या कडेने हवा सोडायचा आवाज तमिळच्या ‘ऴ’इतकाच अवघड आहे, बाहेरच्याला वर्षानुवर्षं येत नाही. फिऑन सुंदर आहे, एका फुलाचं नाव. पण तमिळमध्ये फ नाही, आणि इथली निम्मी माणसं तिला पियॉन म्हणतील. लेकीला सुट्टीत इथे येऊन सारखं आपलं नाव दुरुस्त करत बसावं लागू नये. ग्वेनचंही तेच. तमिळ जीभ मध्ये उकार घालून कुवेन करणार.

ग्वेनवरून आठवलं. तुझ्या यादीत ब्रॉनवेन, ऑलवेन, टेगवेन आहेत. त्या ‘वेन’चा अर्थ गोरी, पांढरी, आणि पवित्रसुद्धा. मी आधी नाकच मुरडलं. आपल्या सावळ्या घरात जन्मलेल्या पोरीला आयुष्यभर गोरी म्हणून हाक मारायची? मग लक्षात आलं, गौरीचा अर्थ तरी दुसरा काय आहे! तेव्हा तो हट्ट मी सोडला. ऑलवेन तर मला आवडलंय. तिची पावलं पडतील तिथे पांढरी फुलं उगवायची म्हणे. आई गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत पावलं काढते, ती तिला आठवतील. पण नावाची गोष्ट माहीत असल्याशिवाय नाव ठेवू नकोस. ब्लोदाय्वेद फुलांपासून घडवलेली बाई, ऐकायला किती गोड! शेवटी तिचं घुबड करतात. आणि ती घडवली गेली ती दुसऱ्याची बायको व्हावी म्हणून. नको.

सेरेन म्हणजे तारा. सोपं, दोन्हीकडे नीट बसतं, तिकडे खूप चालतंही. काहीच सुचलं नाही तर डोळे मिटून सेरेन ठेव, मी काही बोलणार नाही. मेरेरिद मात्र मला अर्थासाठी हवंसं वाटलं: मोती. म्हणजे आपली मुक्ताच की! पण तिची कथा वाचलीस का? वेल्सच्या किनाऱ्यावरचा एक अख्खा मुलूख समुद्राने गिळला आणि त्याचा ठपका तिच्यावर. आपल्या कावेरीच्या मुखाशीही पुहार असंच बुडाल्याचं मणिमेखलैत आहे, पण तिथे त्याचा दोष कुणा पाणी भरणाऱ्या मुलीवर टाकलेला नाही.

आता ज्या गोष्टीने माझी झोप घालवली ती सांगते. ब्रानवेन. तू तिच्या नावावर फुली मारलीस, कारण तिचा शेवट वाईट. तिला समुद्रापलीकडे आयर्लंडच्या राजाला दिली. तिथे तिला स्वयंपाकघरात घातलं, रोज मार. माहेरी निरोप जाऊ नये म्हणून जहाजं अडवली. तिने काय केलं, तर कणीक मळायच्या काथवटीच्या कडेला एक पाखरू पाळलं, तीन वर्षं त्याला बोलायला शिकवलं, भाऊ कसा दिसतो ते सांगितलं, पंखाखाली चिठ्ठी बांधली आणि समुद्रावरून सोडलं. ते पाखरू आपल्या साळुंकीच्याच कुळातलं. सासुरवाशिणीने पाखराच्या पंखाखाली माहेरी सांगावा धाडायचा! आपल्या किती आज्यांनी जात्यावर बसून हेच म्हटलं असेल. मला भरून आलं गं. तू सुखात आहेस, सासूबाई माउली आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी पलीकडच्या किनाऱ्यावर एकुलती एक बहीण असली, की अशी गोष्ट काळजात रुतते.

ब्रानवेन नाव ठेव असं मी म्हणत नाही. पण ती गेली तेव्हा तिला कुठे पुरलं बघ. तुम्ही राहता त्याच बेटावर, आँगलसीत, एका नदीच्या काठी. त्या नदीचं नाव आलाउ. आणि आलाउ हा वेल्शमध्ये साधा शब्द आहे, अर्थ: सुरावट. मुलींचं नाव म्हणून तिकडे चालतो. सासूबाईंना विचार, त्यांना नक्की माहीत असेल.

नदीही आणि सूरही. आपण कुठल्या गावच्या आहोत, सांग! पाच नद्यांवरून नाव पडलेलं गाव, आणि कावेरीच्या काठी त्यागराज स्वामींची समाधी. मी मघाशी पाण्याकडे बघत मोठ्याने म्हणून पाहिलं. शेजारी कपडे धुणाऱ्या बाईने वळून विचारलं, कसलं माप हवंय? तिला अळवु ऐकू आलं, तमिळमध्ये त्याचा अर्थ माप. हा एक गोंधळ इथे होणारच, तुला आधीच सांगून ठेवते. मला तो खटकला नाही. गाण्यात मापही लागतंच. आलापाचा आला आधीपासून आपल्या तोंडात बसलेला आहे, आजीलाही शिकवावं लागणार नाही. मराठी नाव मध्ये हवं असेल तर मुक्ता घाल. आईचा चेहरा मला आत्ताच दिसतोय.

तरी तुम्ही दोघं ठरवाल ते. मला फक्त रविवारच्या आत कळव. तंजावरला भांड्यांच्या दुकानात चांदीची वाटी घेऊन ठेवली आहे. नाव घालणारा म्हातारा टोकदार खिळ्याने एकेक ठिपका ठोकून अक्षर काढतो, आणि एकदा ठिपका पडला की पुसता येत नाही. तो विचारत होता, तमिळमध्ये घालू की इंग्रजीत? मी म्हटलं, दोन्ही नकोत. देवनागरी कागदावर मोठ्ठं लिहून देईन, ते बघून काढा. तेव्हा सासूबाईंकडून उच्चार नीट ऐकून घे, शेवटचा उ ऱ्हस्व की दीर्घ, तेवढं विचार आणि मला सांग.

तुझी अक्का