ऐनवेळी खेळ का थांबवतात? – थांबण्याचं दडपण समजून घेऊया



दिवाळी झाली, मंडईचा हंगाम सुरू झाला, धान खळ्यावर आला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. त्याच सुमारास शालेय क्रीडा स्पर्धाही येतात. अशा सामन्यात एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. शेवटचे दोन मिनिटं उरलेत, दोन गुणांचा फरक आहे, आपला चढाईपटू जोशात आहे आणि नेमकं तेव्हाच समोरचा संघ टाइमआउट मागतो. तीस सेकंदांनी खेळ सुरू होतो आणि तोच चढाईपटू पहिल्याच चढाईत पकडला जातो. लोक म्हणतात, "लय तुटली." ही लय म्हणजे काय? ती खरंच तुटते का? आणि कोणी ती मुद्दाम तोडत असेल तर आपण काय करायचं? आजच्या पाठात हेच पाहू.

१. अमेरिकन फुटबॉलमधली युक्ती

या युक्तीचं सर्वांत गाजलेलं रूप अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. हा आपला फुटबॉल नव्हे. तिथे लांबट चेंडू हातात घेऊन पळतात. मैदानाच्या टोकाला दोन उंच खांब असतात. जमिनीवर उभा धरलेला चेंडू लाथेने त्या खांबांमधून पार केला की तीन गुण मिळतात. याला 'फील्ड गोल' म्हणतात आणि हे काम करणारा खेळाडू म्हणजे 'किकर'. बिचारा सामनाभर बाजूला बसून असतो आणि शेवटच्या क्षणी त्याच्या एका लाथेवर निकाल ठरतो.

तिथल्या व्यावसायिक स्पर्धेत प्रत्येक संघाला प्रत्येक अर्धात तीन टाइमआउट मिळतात. विरोधी प्रशिक्षक त्यातला एक शिल्लक ठेवतो आणि किकर तयार होऊन उभा राहिला की अगदी शेवटच्या क्षणी तो घेतो. हेतू एकच : त्याला विचार करायला वेळ द्यायचा. यालाच ते लोक किकरला 'गोठवणं' म्हणतात.

सप्टेंबर २००७ मध्ये डेन्व्हरचे प्रशिक्षक माइक शॅनहॅन यांनी असंच केलं. ओकलंडच्या सेबॅस्टियन यानिकोव्स्कीची लाथ खांबांमधून पार झाली, पण त्याआधीच टाइमआउट घेतलेला असल्यामुळे ती धरली गेली नाही. दुसरी लाथ खांबाला लागली आणि डेन्व्हर जिंकलं. पुढच्याच आठवड्यात ओकलंडने हाच डाव क्लीव्हलंडवर टाकला आणि जिंकलं!

पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा डाव उलटलाही. वॉशिंग्टनच्या प्रशिक्षकांनी बफेलोच्या किकरला गोठवण्यासाठी लागोपाठ दोन टाइमआउट मागितले. नियमात ते बसत नाही. दंड म्हणून चेंडू १५ यार्ड पुढे आला, ५१ यार्डांची लाथ ३६ यार्डांची झाली आणि बफेलो १७-१६ ने जिंकलं. नियम नीट माहीत नसेल तर हुशारी अंगाशी येते, ती अशी.

२. आपल्याकडचं उदाहरण : बार्बाडोसचा अंतिम सामना

हे आपल्यापासून फार दूरचं वाटतं ना? मग २९ जून २०२४ आठवा. टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आपला कर्णधार नागपुरात जन्मलेला आणि मुंबईत घडलेला रोहित शर्मा. पंधराव्या षटकात हेन्रिक क्लासेनने धुलाई केली. आता ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. बुमराने सोळाव्या षटकात फक्त ४ धावा दिल्या. तरीही २४ चेंडूंत २६ म्हणजे सामना त्यांच्याच हातात होता.

तेवढ्यात यष्टिरक्षक ऋषभ पंत खाली बसला. फिजिओ धावत आले, गुडघ्याला पट्टी बांधली, खेळ काही वेळ थांबला. खेळ सुरू झाला आणि हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर क्लासेन बाद झाला. झेलही पंतनेच घेतला! क्लासेनने २७ चेंडूंत ५२ धावा केल्या होत्या. शेवटी भारत ७ धावांनी जिंकला.

नंतर रोहितनेच एका कार्यक्रमात हा किस्सा हसत हसत सांगितला. फलंदाजांना भराभर चेंडू खेळायचे होते, पंतने डोकं वापरून खेळ संथ केला, असा त्याचा आशय होता. पण विजयाचं हे एकमेव कारण नाही, हेही त्याने सांगितलं. ते बरोबरच आहे. बुमरा आणि अर्शदीपची षटकं, सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा झेल, हे विसरून कसं चालेल?

३. लय तुटते म्हणजे काय होतं?

सायकल चालवताना आपण "आता उजवा पाय, आता डावा पाय" असं म्हणत नाही. सराव झालेलं काम शरीर आपोआप करतं. पण कोणी म्हणालं, "पाय कसे टाकतोस ते बघत चालव," तर आपण अडखळतो. ऐनवेळच्या थांबण्याने हेच होतं. खेळाडूला रिकामा वेळ मिळतो. त्या वेळात मन दोन ठिकाणी जातं : एक म्हणजे निकालाकडे ("चुकलो तर?") आणि दुसरं म्हणजे स्वतःच्या हालचालीकडे ("पाय कुठे ठेवू?"). दोन्हीमुळे आपोआप होणारं काम बिघडू शकतं.

४. आकडे काय सांगतात?

स्कॉट बेरी आणि क्रेग वुड या अभ्यासकांनी २००२ आणि २००३ च्या हंगामातल्या लाथांचा अभ्यास केला. दडपणाच्या क्षणी टाइमआउट घेतला तर ४० यार्डांच्या लाथेचं यश साधारण ७६ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर येतं, असा त्यांचा अंदाज निघाला. पण पुढे टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी अशा लाथा तपासल्या, तेव्हा त्यांना असा परिणाम दिसला नाही. म्हणजे हा प्रश्न अजून वादाचा आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. टाइमआउटनंतर चुकलेली लाथ आपल्याला आठवते, बरोबर गेलेली विसरतो. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली, असं होत नाही. गणितात आपण पडताळा घेतो, तसा इथेही घ्यावा लागतो.

नॉर्वेचे गाइर योर्डेट यांनी आपल्या नेहमीच्या फुटबॉलमधल्या पेनल्टी किकचा अभ्यास केला. पंचांच्या शिट्टीसाठी जास्त वेळ ताटकळावं लागलं, तेव्हा खेळाडू जास्त चुकले. आणि शिट्टी वाजताच घाईने लाथ मारणारेही जास्त चुकले! म्हणजे थांबणं जितकं त्रासाचं, तितकंच "एकदाचं उरकून टाकू" हेही घातक.

५. नियम आणि नीती

कबड्डीत प्रत्येक अर्धात प्रत्येक संघाला ३० सेकंदांचे दोन टाइमआउट मिळतात. ते केव्हा घ्यायचे हा डावपेचाचा भाग आहे, त्यात गैर काही नाही. पण दुखापतीचं सोंग करणं वेगळं. पंचांनी दुखणं खरं मानून खेळ थांबवलेला असतो. उद्या खरंच कोणी पडला तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

नियम करणारेही हे पाहत असतात. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझ याने लाथ मारण्याआधी चेंडू दूर फेकून फ्रान्सच्या खेळाडूला ताटकळवलं. २०२३ मध्ये नियमात स्पष्ट आलं, की गोलरक्षकाने किक लांबवून खेळाडूचं लक्ष विचलित करायचं नाही. क्रिकेटमध्येही आता दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचं घड्याळ लावतात.

६. मग आपण काय करायचं?

नागपूरच्या ओजस देवतळेने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीचं विश्वविजेतेपद मिळवलं. अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण! या खेळात प्रत्येक बाणानंतर समोरच्याचा बाण होईपर्यंत थांबावंच लागतं. म्हणजे तिरंदाज थांबण्याचाही सराव करतो. आपल्यालाही तेच करायचं आहे.

- खेळ थांबला की रेषेपासून दोन पावलं मागे या. तयार स्थितीत ताटकळत उभे राहू नका.
- श्वास हळू सोडा. नजर एकाच ठिकाणी ठेवा.
- एकच छोटा शब्द मनात ठेवा : "कोपरा", "बोनस", "सरळ".
- परत येताना नेहमीची तयारी पहिल्यापासून करा. घाई नको.
- सरावातच मित्राला मधेच "थांब!" म्हणायला सांगा. सवय झाली की त्याची भीती जाते.

परीक्षेतही हेच आहे. पेपर हातात येईपर्यंतची ती पाच मिनिटं आठवा. जो त्या वेळात शेजाऱ्याला "हे आलं तर?" विचारत बसतो, तो येणारंही विसरतो.

स्वाध्याय

१. टाइमआउट घेणं आणि दुखापतीचं सोंग करणं यातला फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. ४० यार्डांवरून मारलेल्या १०० लाथांपैकी ७६ ऐवजी ६६ यशस्वी झाल्या, तर किती गुण कमी मिळतील?
३. बेरी-वुड आणि मॉस्कोविट्झ-वर्थाइम यांचे निष्कर्ष वेगळे का आले असतील? दोन कारणं सुचवा.

उपक्रम : दहा पावलांवरून एका यष्टीवर प्रत्येकाने १० चेंडू सलग फेकावेत. मग १० चेंडू असे फेकावेत, की प्रत्येक वेळी हात वर जाताच मित्राने "थांब!" म्हणायचं आणि ३० सेकंदांनी परवानगी द्यायची. निम्म्या मुलांनी क्रम उलटा ठेवावा. किती नेम लागले त्याचा तक्ता करा, टक्केवारी काढा आणि वर्गात चर्चा करा. निकाल काहीही येवो, तो जसा आला तसाच लिहा.