पद्मिनीचे वायपर घाटात का दमतात?

प्रश्न : माझी जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. तवंदी घाटात पाऊस लागला की वायपर रेंगाळतात. बंद केले तर काचेच्या मध्येच थांबतात. मोटर बदलू का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : एवढ्यात नको. आधी काच ओली करून वायपर चालवा, मग दांड्या काचेवरून उचलून पाहा. उचलल्यावर वेग आला तर दोष रबराचा किंवा काचेवरच्या तेलकटपणाचा. नाही आला, तर बॅटरीची तार काढा, लिंकेज मोटरपासून सोडवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. जुन्या गाड्यांचं दुखणं बहुधा इथेच असतं. ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट होतं, वर तुमच्या गावची तंबाखूची धूळ! स्पिंडल रॉकेलने धुवून नवं ग्रीस भरा, ढिले बुश बदला. दांड्या काढण्यापूर्वी काचेवर चिकटपट्टीने त्यांची खूण करा.

मध्येच थांबणं हा निराळा दोष. मोटरच्या गिअरपाशी पार्किंग स्विचचे पॉइंट काजळले असतील; बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. एवढं करूनही वेग मंदच राहिला, तर वायपर चालू असताना मोटरपाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी भरलं, तर अर्थिंग तपासा. आणि अडकलेली दांडी हाताने ढकलू नका, गिअरचे दात जातात.