पाना हातात घेण्यापूर्वी

कॅडेट मित्रांनो, नळ गळू लागला की लगेच प्लंबर बोलावण्याची गरज नसते. मुख्य कॉक बंद करावा, नळातले उरलेले पाणी जाऊ द्यावे आणि झिजलेला वॉशर बदलावा. बेसिन तुंबले तर खाली बादली ठेवून त्याचा सायफन खोलून धुवावा. एवढे प्रत्येकाला आले पाहिजे.

प्लंबर केव्हा बोलवावा? भिंतीत ओल उतरली, मुख्य कॉक बंद होईना, गीझर गळू लागला (आधी त्याची वीज बंद करा) किंवा मोरी आणि संडास एकाच वेळी तुंबले, तर. अशा वेळी अडथळा बहुधा पुढच्या मोठ्या पाइपात असतो.

चेंबरमध्ये किंवा मैलाटाकीत मात्र कोणीही उतरू नये. गाझियाबादच्या नंदग्राम भागात ऑगस्ट २०१९ मध्ये गटारात पाच कामगार दगावले. पहिला वर आला नाही, म्हणून त्याच्यामागे बाकीचे एकेक करून उतरले. आतल्या हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकाला तो कळेनासा होतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

कोणी आत कोसळले तर मागोमाग उतरू नका. इतरांना दूर ठेवा, ११२ वर फोन करा आणि अग्निशमन दलाची वाट पाहा. तयारीवाचून आत जाणारा जवान सुटका करत नाही, सुटका करायच्या माणसांची संख्या एकाने वाढवतो.