टॉलपडल गावची गरीब मंडळी



मंडळीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे बहुधा इमारतीपासून आरंभ होतो. कोनशिला कोणी बसविली, घंटा कोठून आली, पाळक कोण कोण होऊन गेले, हे वहीत उतरले की इतिहास पुरा झाला असे आपणांस वाटते. ही माहिती जपून ठेवावी यात शंका नाही. परंतु या पाठात आम्ही अशा एका मंडळीची हकीकत सांगणार आहो की, जिचे पहिले प्रार्थनामंदिर पुढे शेतीचे कोठार झाले, जिच्या उपदेशकांना बेड्या घालून समुद्रापलीकडे नेण्यात आले, आणि तरीही जिचे नाव दूरदूरच्या देशांतील कष्टकरी लोक आजही घेतात. ही मंडळी म्हणजे इंग्लंड देशातील टॉलपडल या खेड्याची मेथॉडिस्ट मंडळी होय.

पाठास आरंभ करण्यापूर्वी याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाची पहिली सहा वचने वाचावी. शेत कापणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी तेथे जे लिहिले आहे, ते मनात धरून पुढील हकीकत ऐकावी.

वर्ग आणि पेनी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डॉर्सेट नावाचा परगणा आहे. त्यातील मुख्य गाव डॉरचेस्टर. तेथून सुमारे 7 मैलांवर पिडल नदीच्या काठी टॉलपडल हे लहानसे खेडे वसले आहे. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी त्या भागातील जमीन थोड्या जमीनदारांच्या हाती होती. ती खंडाने घेऊन कसणारे शेतकरी निराळे, आणि त्यांच्या शेतात आठवड्याच्या मजुरीवर राबणारे मजूर निराळे. आपल्याकडील सालदारास ही रचना समजावून सांगावयास नको.

मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली (1703-1791) हे इंग्लंडच्या राजमान्य मंडळीचे धर्मगुरू होते. देवळांचे दरवाजे त्यांना बंद होऊ लागले तेव्हा ते उघड्या माळावर उभे राहून खाणकामगारांस व मजुरांस उपदेश करू लागले. सन 1742 त ब्रिस्टल शहरातील मंदिराचे कर्ज फेडण्याचा प्रश्न निघाला. त्या वेळी अशी सूचना पुढे आली की, प्रत्येक सभासदाने दर आठवड्यास एक पेनी द्यावी. सुमारे 12 जणांचा एक वर्ग करावा, वर्गास एक नायक असावा, आणि ज्यास पेनी देण्याचे सामर्थ्य नाही त्याची पेनी नायकाने भरावी. वर्गणी गोळा करण्यासाठी नायक घरोघर जाऊ लागले, तेव्हा कोण आजारी आहे, कोणाच्या घरी भांडण आहे, कोण व्यसनात गुरफटला आहे, हे त्यांच्या दृष्टीस पडू लागले. अशा रीतीने कर्जासाठी निघालेल्या युक्तीतून एकमेकांची काळजी वाहण्याची शिस्त निर्माण झाली.

या पंथाची दुसरी खूण म्हणजे स्थानिक उपदेशक. हे पगारी नसत. आठवडाभर नांगर धरावा किंवा जोडे शिवावे, आणि रविवारी आखून दिलेल्या यादीप्रमाणे कित्येक मैल पायी जाऊन उपदेश करावा, असा त्यांचा क्रम असे. उपदेश करावयाचा म्हणजे वाचता आले पाहिजे, चार लोकांपुढे उभे राहून नीट बोलता आले पाहिजे. शाळेचे तोंडही न पाहिलेले मजूर या निमित्ताने वाचते व बोलते झाले.

टॉलपडल येथील मेथॉडिस्टांनी सन 1818 त आपले पहिले मंदिर उभारले. ते अगदी लहान व साधे होते. तेथे येणारे लोक मजुरीवर पोट भरणारे होते. त्यांच्यापैकीच एक जॉर्ज लव्हलेस. यांचा जन्म 1797 चा. ते शेतावर नांगर धरीत आणि रविवारी आसपासच्या खेड्यांत उपदेश करीत. स्वतःच्या कष्टाने वाचावयास शिकून त्यांनी धर्मविषयक पुस्तकांचा लहानसा संग्रहही केला होता. त्यांचा भाऊ जेम्स हाही उपदेशक होता.

नऊ शिलिंगांवरून सहा

एक शिलिंग म्हणजे 12 पेनी. त्या काळी टॉलपडलच्या मजुरास आठवड्यास 9 शिलिंग मिळत, आणि तेवढ्यात कुटुंबाची भाकरीसुद्धा कशीबशी भागे. जवळपासच्या भागात 10 शिलिंग देत असत. सन 1830 त दक्षिण इंग्लंडातील मजुरांनी ठिकठिकाणी दंगे केले, मळणीची यंत्रे फोडली व गंजी जाळल्या. सरकारने त्यांपैकी काहींना फाशी दिली व शेकडो जणांना काळ्या पाण्यावर धाडले. टॉलपडलच्या मजुरांनी हा मार्ग धरला नाही. त्यांनी शेतकऱ्यांची भेट घेऊन विनंती केली, आणि इतरांइतकी मजुरी देण्याचे वचन मिळाल्यावर ते समाधानाने कामास लागले. परंतु ते वचन पाळले गेले नाही. मजुरी 8 शिलिंगांवर आली, पुढे 7 झाली, आणि ती 6 होणार असे सांगण्यात आले.

तेव्हा सन 1833 त लव्हलेस व त्यांचे सोबती यांनी शेतमजुरांचा एक स्नेहसंघ काढला. थॉमस स्टँडफील्ड या त्यांच्या मेहुण्याच्या घराच्या माडीवर त्याच्या सभा भरत. प्रवेशाच्या वेळी एक शिलिंग, आणि पुढे दर आठवड्यास एक पेनी! वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, ही पेनी कोठून आली. वर्गात जे शिकले तेच त्यांनी शेतात लावले. मजुरांचे असे संघ करण्यास 1824 च्या कायद्यानंतर बंदी राहिली नव्हती. तथापि नव्या सभासदास गुप्ततेची शपथ द्यावी, त्याचे डोळे बांधून आणावे, मग पट्टी सोडून सापळ्याचे चित्र दाखवावे, अशी त्या वेळच्या संघांत चाल होती. तीच चाल टॉलपडल येथेही पाळण्यात आली. हा विधी शहाणपणाचा होता असे आम्ही म्हणत नाही. त्याच फटीतून संकट आत शिरले.

डॉरचेस्टरचा न्याय

त्या भागातील न्यायाधिकारी जेम्स फ्रँम्प्टन हे स्वतः जमीनदार होते. त्यांनी गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांस पत्रे लिहिली. संघ काढणे हा गुन्हा ठरत नव्हता, म्हणून सन 1797 चा एक कायदा शोधून काढण्यात आला. तो आरमारातील खलाशांच्या बंडानंतर बेकायदा शपथांविरुद्ध केलेला होता. ता. 24 फेब्रुवारी 1834 रोजी पहाटे शिपाई टॉलपडलला आला. जॉर्ज लव्हलेस, जेम्स लव्हलेस, थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट या सहा जणांस त्याने पकडले, आणि ते त्याच्याबरोबर निमूटपणे डॉरचेस्टरपर्यंत चालत गेले.

तुरुंगात जॉर्ज लव्हलेस यांच्या कानी अशी गोष्ट घालण्यात आली की, संघात आणखी कोण कोण आहेत ते सांगावे, पुन्हा संघाच्या वाटेस जाणार नाही असे वचन द्यावे, म्हणजे बायकामुलांकडे परत जाता येईल. त्यांनी सोबत्यांचा विश्वासघात करण्यास साफ नकार दिला. न्यायाधीशापुढेही त्यांनी एवढेच लिहून दिले की, आम्ही कोणाच्या जिवास, अब्रूस किंवा मालमत्तेस धक्का लावला नाही. आपली व बायकामुलांची उपासमार टाळावी म्हणून आम्ही एकत्र आलो. ता. 19 मार्च रोजी सहाही जणांस सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जॉर्ज यांस व्हॅन डीमेन बेटावर, म्हणजे आजच्या टास्मानियात, धाडण्यात आले. बाकीचे पाच जण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स येथे गेले.

जेम्स हॅमेट याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. शपथविधीच्या रात्री तो तेथे नव्हता, त्याचा भाऊ होता. परंतु भावाची बायको बाळंतपणास टेकलेली असल्यामुळे जेम्सने तोंडातून शब्द न काढता भावाची शिक्षा आपल्या माथी घेतली.

मागे राहिलेल्यांचे काय?

गावात या सहा जणांच्या कुटुंबांवर दुःखाची छाया पडली. गरिबांस जी सार्वजनिक मदत मिळत असे, तीही या बायकांना नाकारण्यात आली. संघाची वर्गणी भरावयास ज्यांच्याजवळ पैसे होते त्यांस मदत कशाला, असा जबाब मिळाला. येथे आम्हांस एक दुःखाची गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या पंथाच्या शिकवणुकीत हे लोक वाढले, त्या पंथाच्या वरिष्ठ पुढाऱ्यांनी त्यांची बाजू घेतली नाही. सरकारचा रोष होईल, आपल्या मंडळीस बंडखोर म्हणतील, या भीतीने ते गप्प राहिले. मदत आली ती लंडन शहरातील कामकऱ्यांकडून. त्यांनी कमिटी नेमून कुटुंबांस पैसे पोहोचविले. ता. 21 एप्रिल 1834 रोजी हजारो लोकांची मिरवणूक निघाली आणि सुमारे 2 लाख सह्यांचा अर्ज सरकारकडे नेण्यात आला. पार्लमेंटात टॉमस वॅक्ली यांनी त्यांचा प्रश्न धरून ठेवला. अखेर मार्च 1836 त सहाही जणांस पूर्ण माफी मिळाली. जॉर्ज लव्हलेस 1837 त घरी आले, चौघे 1838 त आले, आणि हॅमेट 1839 त आला.

परंतु जुने घर पुन्हा जुन्यासारखे वसले नाही. हॅमेटखेरीज बाकीचे पाच जण प्रथम एसेक्स परगण्यात शेती करू लागले आणि 1844 पासूनच्या काही वर्षांत कॅनडा देशातील लंडन गावाजवळ जाऊन राहिले. तेथेच 1874 त जॉर्ज लव्हलेस यांचा अंत झाला. हॅमेट एकटा टॉलपडलला राहिला. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली, तेव्हा घरच्यांवर भार नको म्हणून तो आपण होऊन डॉरचेस्टरच्या अनाथगृहात गेला, आणि 1891 त तेथे मरण पावला.

पहिले मंदिर प्रार्थनेच्या उपयोगातून गेले व शंभराहून अधिक वर्षे शेताच्या कामी आले. 1862-63 त मंडळीने नवे मंदिर बांधले. त्याच्या दाराशी 1912 त सहा जणांच्या स्मरणार्थ एक कमान उभारण्यात आली. तिचे उद्घाटन करणारे आर्थर हेंडरसन हे पार्लमेंटचे सभासद तर होतेच, पण स्वतः मेथॉडिस्टांचे स्थानिक उपदेशकही होते. 1834 त ज्यांच्याविषयी पंथाच्या पुढाऱ्यांनी मौन धरले, त्यांची नावे अशी मंदिराच्या दारावर आली. शंभर वर्षे झाली तेव्हा, 1934 त, ब्रिटिश कामगार संघांनी गावात म्हाताऱ्या शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली. ज्या झाडाखाली मजूर बसत ते शिकॅमोरचे झाड अद्यापि गावात उभे आहे. अलीकडे जुन्या मंदिराचीही डागडुजी करण्यात आली आहे.

या इतिहासापासून बोध

पहिला बोध हा की, लहान वर्गणी लहान नव्हे. पेनीने मंदिराचे कर्ज फिटले, पेनीने शेजाऱ्याची विचारपूस करण्याची सवय लागली, आणि पेनीनेच मजुरास आपण एकटे नाही हे कळले. आपल्या मंडळीत मूठभर धान्य देणाऱ्या विधवेचे नाव वहीत लिहिताना हे स्मरावे.

दुसरा बोध असा की, न्याय्य मजुरी मागणे म्हणजे भक्ती सोडणे नव्हे. काही बंधू म्हणतात की, ख्रिस्ती मनुष्याने पोटाच्या गोष्टी बोलू नयेत. लव्हलेस यांनी रविवारी उपदेश केला आणि सोमवारी मजुरीविषयी विचारले. त्यांनी कोणाची गंज जाळली नाही, कोणाला दगड मारला नाही, खोटी साक्ष दिली नाही, आणि सोबत्याचे नावही सांगितले नाही. भक्तीची परीक्षा याहून निराळी ती कोणती?

तिसरा बोध मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी आहे, आणि तो आम्ही आम्हांस प्रथम लावून घेतो. आपल्यापैकी एखाद्यावर गावात अन्याय झाला असता, सावकाराच्या किंवा पाटलाच्या भीतीने आपण गप्प बसलो, तर कमान बांधण्याचे काम नातवंडांकडे राहील. परंतु त्या कमानीखालून अन्याय सोसलेला मनुष्य जाणार नाही.

म्हणून उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळीचा इतिहास लिहाल तेव्हा कोनशिलेच्या तारखेखाली एक पान कोरे सोडा. मंडळीतील वृद्धांजवळ बसा आणि विचारा, संकटात कोण कोणाच्या दारी गेले होते. ते त्या पानावर लिहा.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

1. वर्गनायक पेनी गोळा करण्यास घरोघर गेल्यामुळे मंडळीस कोणता लाभ झाला?
2. 1830 चे दंगे आणि टॉलपडलच्या मजुरांची रीत यांत कोणता भेद होता?
3. गुप्त शपथेशिवाय संघ चालविता आला असता काय? आपले मत सांगा.
4. पंथाचे पुढारी गप्प राहिले. आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते?
5. आपल्या मंडळीत ज्यांची आठवण वहीत लिहिलेली नाही, असे कोण आहेत?